तो तुकडा कोणाचा? सॅम्पलिंगला बसण्याआधी

"दादा, सात सेकंदांपर्यंत चालतं ना?"

म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला सात सेकंदांपर्यंतचा तुकडा परवानगीशिवाय आपल्या ट्रॅकमध्ये वापरला (यालाच सॅम्पलिंग म्हणतात) तर चालतं ना? बीट बनवायला नुकत्याच बसलेल्या पोरांकडून हा प्रश्न इतक्यांदा आलाय की उत्तर तोंडपाठ झालं आहे: नाही, चालत नाही. कोणी सात सेकंद सांगतं, कोणी तीन, कोणी चार मात्रा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असा आकडा नाही, अमेरिकेच्याही कायद्यात नाही. पण एकेकाळी मीही तो खरा मानून चाललो होतो. पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी चाळीस रुपयांना तबकडी घेतली. तिच्यातलं चार सेकंदांचं सतारीचं वळण एका हाउस ट्रॅकमध्ये (नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक प्रकार) फिरवलं आणि ट्रॅक स्ट्रीमिंगवर चढवला. अकराव्या दिवशी तो गायब. वर वितरकाने, म्हणजे गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या कंपनीने, माझ्या बाकीच्या पाच गाण्यांचे पैसेही अडकवून ठेवले. ते सुटायला आठ महिने आणि कितीतरी मेल लागले.

त्या आठ महिन्यांत जे कळलं ते इथे क्रमाने मांडतो. मी वकील नाही, तेव्हा मोठा पैसा गुंतणार असेल तर वकील गाठा. एक गोष्ट मात्र आत्ताच डोक्यात पक्की करा: तुकडा केवढा, हा नंतरचा प्रश्न. तुकडा कोणाचा, हा पहिला.

१. नक्की काय उचलताय ते ओळखा

"सॅम्पल घेतलं" असं आपण तीन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. एक, मूळ ध्वनिमुद्रणाचाच तुकडा कापून घेणं. दोन, तीच चाल स्वतः किंवा वादकाकडून नव्याने वाजवून घेणं. तीन, नुसता ढंग घेणं: राग, ठेका, वाद्याचा पोत. पहिल्यात ध्वनिमुद्रणाच्या मालकाचीही परवानगी लागते आणि चालीच्या मालकाचीही. दुसऱ्यात फक्त चालीच्या मालकाची. तिसऱ्यात बहुतेक वेळा कोणाचीच नाही.

मजा अर्थातच पहिल्यात आहे, नाहीतर एवढा उपद्व्याप कोणी केला असता? जुन्या तबकडीची खरखर, त्या खोलीचा घुमारा, वादकाच्या हाताची किंचित घाई, हे सगळं नव्याने वाजवून येत नाही. १९८७ मध्ये आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलिंगच्या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून लोक ३३ च्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर फिरवून सॅम्पल घ्यायचे आणि मग यंत्रात सूर खाली आणायचे. जागा वाचायची आणि आवाजाला एक भरड किनार यायची. आज त्याच भरडपणाचे प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) विकत मिळतात.

आणि सात सेकंदांचंच म्हणाल, तर जगातला बहुधा सर्वांत जास्त वापरला गेलेला ड्रमचा तुकडा जवळपास सात सेकंदांचाच आहे. दि विन्स्टन्स या अमेरिकी बँडच्या १९६९ च्या एका रेकॉर्डवरचा, ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेला हा 'आमेन ब्रेक'. जंगल आणि ड्रम अँड बेस हे इलेक्ट्रॉनिक संगीताचे दोन प्रकार त्याच्यावरच उभे राहिले. कोलमन यांना त्यातून छदामही मिळाला नाही. २००६ मध्ये ते बेघर अवस्थेत वारले. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४,००० पौंड दिले. सॅम्पलिंग म्हणजे नुसती चोरी म्हणणाऱ्यांना मी ते दोन संगीतप्रकार ऐकवतो, आणि सॅम्पलिंग म्हणजे नुसती कला म्हणणाऱ्यांना कोलमन यांची गोष्ट सांगतो.

२. हक्कदार मोजा (हीच पायरी लोक गाळतात)

कागद घ्या आणि चार ओळी आखा: शब्द, चाल, ध्वनिमुद्रण, गायक-वादक. प्रत्येकीसमोर नाव आणि साल लिहा.

हिशोब असा. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, तोही पुढच्या १ जानेवारीपासून मोजायचा. म्हणजे १९६० मध्ये निघालेली रेकॉर्ड भारतात २०२० च्या अखेरीस मोकळी झाली. गायक-वादकांचा स्वतंत्र हक्क ५० वर्षांचा.

आता उदाहरण. तुकोबांचा अभंग, श्रीनिवास खळ्यांची चाल. शब्द सगळ्यांचे. पण खळे २०११ मध्ये गेले, त्यामुळे चाल २०७१ च्या अखेरपर्यंत बांधलेली. त्यावर ध्वनिमुद्रण लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं. "अभंग आहे हो, पारंपरिक" असं म्हणून वापरलेला तुकडा इथेच अडकतो. कुमार गंधर्वांनी बांधलेल्या बंदिशींचंही तेच. राग कोणाचा नसतो, पण बंदिश असते.

उलट उदाहरण बालगंधर्वांचं. 'स्वयंवर' हे १९१६ चं नाटक, पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बुवा १९२२ मध्ये गेले, खाडिलकर १९४८ मध्ये. दोघांचेही हक्क केव्हाच संपले. त्यातल्या एखाद्या पदाची बालगंधर्वांनी गायलेली १९३० च्या दशकातली तबकडी असेल तर भारतात तीही मोकळी.

नाचू नका, इथे एक खड्डा आहे. तुमचा ट्रॅक स्ट्रीमिंगवर गेला की तो अमेरिकेतही गेला. तिथे २०१८ च्या कायद्याने जुन्या ध्वनिमुद्रणांना वेगळी मुदत दिली: १९२३ ते १९४६ दरम्यान प्रसिद्ध झालेल्यांना १०० वर्षं, १९४७ ते १९५६ च्यांना ११० वर्षं, आणि त्यानंतरपासून १५ फेब्रुवारी १९७२ च्या आधीपर्यंतच्यांना थेट २०६७ पर्यंत. त्यामुळे १९३५ ची तबकडी पुण्यात मोकळी, न्यूयॉर्कमध्ये नाही. अशा वेळी वितरकाच्या फॉर्ममध्ये देश निवडायची सोय असते ती वापरा आणि प्रदर्शन भारतापुरतं ठेवा.

मालक कोण हे आवरणावरच्या नावावरून ठरत नाही, हा त्याहून खोल खड्डा. दोन खटले सांगतो, दोन्हींत आपलीच गाणी आहेत. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या अमेरिकी गायिकेच्या गाण्यात लता मंगेशकरांच्या आवाजातलं, बप्पी लाहिरींनी संगीत दिलेलं एक चित्रपटगीत परवानगीविना वापरलं गेलं. सुरुवातीला न्यायालयाने लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विक्री करू नका असा आदेश दिला. पुढे निघालं असं, की चाल चित्रपटासाठी बनवून दिलेली होती आणि हक्क संगीतकाराकडे नव्हताच. दावा तर गेलाच, २०१० मध्ये अपिलात त्यांच्या वकिलावरचा दंडही कायम झाला. दुसरा खटला सारेगामा या संगीत कंपनीचा, अमेरिकी संगीत निर्माता टिंबालँडविरुद्ध. १९६९ च्या एका हिंदी चित्रपटातल्या गाण्याचा तुकडा रॅपमध्ये वापरला म्हणून. जुना करार उघडला तेव्हा त्या ध्वनिमुद्रणावर कंपनीचा हक्क मर्यादित काळापुरताच असल्याचं न्यायालयाने म्हटलं, आणि २०११ मध्ये अपिलातही कंपनी हरली.

म्हणून परवानगी घेताना "हा हक्क आमच्याकडे आहे आणि तिसऱ्या कोणी दावा केल्यास जबाबदारी आमची" हे वाक्य लेखी घ्या. नाहीतर पैसे एकाला द्याल आणि नोटीस दुसऱ्याची येईल.

३. "ओळखू येत नाही" या भरवशावर राहू नका

पिच (सूर) खाली केला, उलटा फिरवला, वर रिव्हर्ब (घुमारा) टाकला, कोणाला कळतंय? कानाला कळलं नाही तरी यंत्राला बरेचदा कळतं. आणि न्यायालयं यावर एकमताची नाहीत.

अमेरिकेत १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीच्या खटल्यात न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच "चोरी करू नकोस" या बायबलच्या आज्ञेने केली. २००५ मध्ये तिथल्याच एका अपील न्यायालयात गिटारचा दोन सेकंदांचा तुकडा आला. सूर खाली आणून लूप केलेला (पुन्हा पुन्हा फिरवलेला), तरी निकाल असा की परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका. २०१६ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने मॅडोनाच्या गाण्यातला ०.२३ सेकंदांचा ब्रास वाद्यांचा ठोका इतका क्षुल्लक ठरवला की त्यासाठी दावाच होत नाही. एकाच देशात दोन टोकं. युरोपात क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या १९७७ च्या रेकॉर्डमधल्या दोन सेकंदांच्या ठेक्यावरून दोन दशकांहून जास्त काळ भांडण चाललं. २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की छोट्या तुकड्यालाही परवानगी लागते, मात्र तो ऐकून ओळखूच येणार नाही इतका बदलला असेल तर नाही.

आपल्याकडे थेट सॅम्पलिंगवर बोट ठेवावं असा निकाल मला दाखवता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज प्रकरणात 'अगदी किरकोळ वापर' हा बचाव मान्य केला, पण ती गोष्ट टीव्ही कार्यक्रमात गायलेल्या काही ओळींची आणि एका जाहिरातीची होती. तुमच्या ट्रॅकचा कणाच जर ते सॅम्पल असेल, तर त्याला किरकोळ कोण म्हणणार? २००८ चं मुंबई उच्च न्यायालयातलं प्रकरणही लक्षात ठेवा. राम संपत यांनी एका जाहिरातीसाठी केलेली काही सेकंदांची धून एका चित्रपटात वापरली गेल्याचा तो दावा होता. तो सुमारे २ कोटी रुपयांना मिटला.

"वाजवी वापर" म्हणून जे सांगितलं जातं, तेही आपल्या कायद्यात अरुंद आहे: खासगी वापर व संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. घरी बसून शिकण्यासाठी काहीही कापा, जोडा. प्रसिद्ध केलं की खासगीपण संपलं.

शिक्षा? कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. आपल्यासारख्यांचं प्रकरण सहसा ट्रॅक खाली येण्यावरच थांबतं, पण कायद्यात काय लिहिलंय हे माहीत असावं.

४. वाट निवडा

*स्वतः रेकॉर्ड करा.* माझा पहिला सल्ला हाच, आणि तो घाबरून दिलेला नाही. फोनचा माइकही सुरुवातीला पुरतो, बजेट असेल तर हातात मावणारा रेकॉर्डर घ्या. लोकलचा रुळांवरचा ठेका, पोळपाटावर लाटण्याची टकटक, कुकरची शिट्टी, मंदिरातली घंटा. माझ्या त्या हाउस ट्रॅकमध्ये सतारीच्या जागी आता शेजारच्या काकांचं बुलबुलतरंग आहे. बरीच वर्षं न लावलेलं, थोडं बेसूर. ट्रॅक आधीपेक्षा बरा वाटतो, हे कबूल करायला मला वेळ लागला.

पण माणूस वाजवत असेल तर त्याचा हक्क तयार होतो. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथक किंवा जत्रेत संबळवाला रेकॉर्ड केलात तर संमती घ्या, पैसे द्या आणि कागदावर सही घ्या. त्यात मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. कायद्यानुसार मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. "जगभर, हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी" हे शब्द तिथे हवेतच.

*ढंग घ्या, तुकडा नको.* १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी मुंबईत टीआर-८०८ (ठेक्यासाठी) आणि टीबी-३०३ (बाससाठी) या रोलंड कंपनीच्या यंत्रांवर दहा राग डिस्को ठेक्यात बसवले. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. पुढे जगाला त्यात अ‍ॅसिड हाउसची चाहूल ऐकू आली. एकही सॅम्पल नाही. भैरव वाजवायला कोणाच्या परवान्याची गरज पडत नाही.

*तयार सॅम्पल पॅक.* स्प्लाइससारख्या वेबसाइटवर पैसे भरून घेतलेले लूप तुमच्या ट्रॅकमध्ये बेलाशक वापरता येतात. खाचखळगे दोन. पहिला, तोच लूप आणखी हजार जणांकडे असतो, त्यामुळे असा ट्रॅक यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (दुसऱ्यांच्या व्हिडिओंत तुमचं गाणं आपोआप ओळखणारी यंत्रणा) नोंदवता येत नाही. नोंदवलात तर दुसऱ्यांच्या गाण्यांवर तुमचे खोटे दावे पडतील आणि वितरक तुम्हालाच जाब विचारील. दुसरा, टेलिग्रामवर फुकट फिरणारे "बॉलीवूड व्होकल पॅक". ते कोणाचे हे त्या पॅकवाल्यालाही माहीत नसतं.

*मुक्त परवान्याचे आवाज.* फ्रीसाउंड या वेबसाइटवर प्रत्येक आवाजाखाली क्रिएटिव्ह कॉमन्सचा (सीसी) परवाना लिहिलेला असतो. 'सीसी शून्य' म्हणजे खुशाल घ्या. 'बाय' म्हणजे श्रेय द्या. 'एनसी' (व्यावसायिक वापर नको) दिसलं की सोडून द्या, कारण स्ट्रीमिंगचे दोन रुपये आले तरी तो व्यावसायिक वापर धरला जाऊ शकतो.

*कव्हरची पळवाट नाही.* दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या गाण्यांच्या रिमिक्सचा पूर आला होता, तो तेव्हाच्या 'व्हर्जन रेकॉर्डिंग'च्या, म्हणजे कव्हरच्या (जुनं गाणं नव्याने गाऊन मुद्रित करण्याच्या) तरतुदीवर. २०१२ च्या दुरुस्तीने ती वाट आवळली. आता मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झालेली असावी लागतात, दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचं स्वामित्वधन भरावं लागतं आणि चाल-शब्दांत मनासारखा बदल करता येत नाही. शिवाय ती सोय नव्याने गाऊन-वाजवून घेण्यासाठी आहे, मूळ रेकॉर्डचा तुकडा कापण्यासाठी नाही.

*एआयचं काय?* आता गाण्यातून आवाज वेगळा काढणं दोन मिनिटांचं काम आहे. पण वेगळा काढला म्हणून तो तुमचा होत नाही. नक्कल केलेला आवाज तर आणखी धोक्याचा. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना मनाई केली.

५. परवानगी मागायचीच असेल तर

ट्रॅक पूर्ण व्हायच्या आधी मागा. प्रसिद्ध झाल्यावर मागायला गेलात की भाव त्यांचा. सोबत हे तयार ठेवा:

- मूळ रेकॉर्डचं नाव, लेबल, आवरणावरचा क्रमांक, साल
- तुकडा कुठून कुठपर्यंत, मिनिट-सेकंदांसह
- तुमच्या ट्रॅकमध्ये तो कुठे आणि किती वेळा येतो
- तुमच्या ट्रॅकची कच्ची प्रत, एक सॅम्पलसह आणि एक सॅम्पलशिवाय
- कुठे प्रसिद्ध करणार, जाहिरात किंवा चित्रपटात जाणार का
- तुमचं आजवरचं काम, आकडे न फुगवता

मेल ध्वनिमुद्रणाच्या मालकाला वेगळा, चाल-शब्दांच्या मालकाला वेगळा. एकाने हो म्हटलं म्हणजे दुसऱ्याने म्हटलं असं नाही. आयपीआरएस किंवा पीपीएल या परवाने देणाऱ्या संस्थांची फी ही कार्यक्रमात गाणं वाजवण्यासाठीची. ती भरली म्हणजे सॅम्पल करायची मुभा मिळाली, हा गैरसमज मी चांगल्या मुरलेल्या डीजेंकडूनही ऐकलाय.

मागितलंत तेवढंच वापरा. १९९७ मध्ये दि व्हर्व्ह या ब्रिटिश बँडने रोलिंग स्टोन्सच्या गाण्यावर बेतलेल्या एका वाद्यवृंदाच्या रेकॉर्डचा तुकडा परवानगी घेऊन वापरला, पण ठरल्यापेक्षा जास्त वापरला असा दावा झाला. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचा हक्क हातातून गेला. रोलिंग स्टोन्सचे मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी तो २०१९ मध्ये, बावीस वर्षांनी, परत केला.

आणि करारात स्ट्रीमिंगसह "पुढे येणारी सर्व माध्यमं" लिहून घ्या. डी ला सोल या गटाचा १९८९ चा पहिला अल्बम २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊ शकला नाही, त्यामागे सॅम्पलच्या जुन्या परवानग्यांचं मोठं कारण होतं.

खरं सांगायचं तर नवख्याला मोठ्या लेबलकडून उत्तर येईलच असं नाही. मी तीन मेल केले, एकाचंही उत्तर आलं नाही. मौन म्हणजे संमती हा न्याय इथे लावू नका. छोट्या लेबलांचा आणि हयात कलावंतांचा अनुभव मात्र वेगळा: फोन उचलतात, बोलतात, कधी नुसत्या श्रेयावर हो म्हणतात. परदेशी जुन्या संगीतासाठी ट्रॅकलिबसारख्या सेवा आहेत, तिथे परवान्याचे दर आधीच दिसतात.

६. वही ठेवा

एक स्प्रेडशीट पुरे. प्रत्येक सॅम्पलची एक ओळ: कुठून घेतलं, कधी घेतलं, परवाना कुठला, पावती किंवा कराराची फाइल कुठे. सॅम्पल ड्रॅग करतानाच लिहा. सहा महिन्यांनी 'ऑडिओ_०४७_नवीन_फायनल' हा आवाज कुठला होता हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मुक्त परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉटही घ्या, पानं बदलतात.

७. चढवताना आणि नोटीस आल्यावर

वितरकाच्या फॉर्ममध्ये "सर्व हक्क माझ्याकडे आहेत" या चौकटीवर आपण न वाचता टिचकी मारतो. ती तुमची लेखी हमी असते. पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

यूट्यूबवर दावा आणि स्ट्राइक (चॅनेलवर लागणारा ठपका) यांत फरक आहे. दावा आला तर सहसा उत्पन्न समोरच्याकडे जातं, चॅनेल शाबूत राहतं. तुमच्याकडे परवाना असेल तर हरकत नोंदवा आणि कागद जोडा. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. परवाना नसताना रागाच्या भरात हरकत-अपील करत गेलात, तर दाव्याचा स्ट्राइक होऊ शकतो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनेल बंद.

वकिलाची नोटीस आली तर फोनवर काही कबूल करू नका, सोशल मीडियावर पोस्ट टाकू नका. ट्रॅक तात्पुरता खाली घ्या, वहीतली ओळ काढा, नोटीस पाठवणाऱ्याकडे मालकीचा पुरावा मागा आणि मुदतीच्या आत वकिलामार्फत उत्तर द्या. प्रोजेक्ट फाइल मात्र डिलीट करू नका. सॅम्पल काढून दुसरं बसवायचं ठरलं तर ती लागेल. माझी होती म्हणून बुलबुलतरंग बसवता आलं, आणि त्या कागदावर काकांची सही आहे.